पळीभर निकाल

२० ऑक्टोबर २०१७, पाडवा
मंदार काल नाशिकहून आला. पाठीवर सॅक, हातात पुठ्ठ्याची पेटी. गुडगावची नोकरी सोडून चिरंजीव तीन वर्षं द्राक्षांच्या मागे आहेत. आता स्वतःच्या हातची पहिली वाईन घेऊन आलेत. पांढरी, २०१६ च्या द्राक्षांची. बाटल्या पाच. माझे आजोबा दरबारात पूजा सांगायचे, पणतू दारू गाळतो.
"गाळत नाही बाबा, आंबवतो. तुम्ही चाळीस साल केमिस्ट्री शिकवलीत ना?"
शिकवली. पेटी मीच उघडली.
तीन जातींची मिसळ आहे. फ्रान्समध्ये ऱ्होन नावाच्या नदीकाठी अशी करतात म्हणे. मार्सान, रूसान, व्हिओन्ये. सुधा म्हणाली, तीन बहिणींची नावं वाटतात. पण स्वयंपाकघरात बाटल्या येऊ देईना, तिथे देव आहेत. रिटायर होताना कॉलेजच्या लिलावात घेतलेला लॅबचा जुना फ्रिज बाहेरच्या खोलीत आहे, त्यात आडव्या ठेवल्या.
औक्षण झाल्यावर एक उघडली. पूजेची पळी सु. ने दिली नाही, बरोबरच आहे. औषधाची घेतली. हातावर ओतून प्यायलो. मं. पोट धरून हसला. "बाबा, तीर्थ नाहीये हे! पेल्यात घ्या, टाइम द्या तिला."
मोगरा. मग आडू, म्हणजे पीच, तोही नुकता चिरलेला. वास फार सुरेख होता. तोंडाने म्हणालो, "बरी आहे."
जाताना त्याने फ्रिजच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवली. 'दर दोन वर्षांनी एक. फार गार नको. उघडून तासभर ठेवा, मोठ्या पेल्यात घ्या. पाचव्या-सहाव्या वर्षी ही गप्प बसेल. तेव्हा उघडू नका. उघडलीत तर निकाल देऊ नका.'
निकाल हा शब्द मुद्दाम घातलाय. माझ्या स्वभावाला टोमणा.

१२ जून २०१८
सेहेचाळीस अंश. लाइट सकाळपासून तीनदा गेले. इन्व्हर्टरवर फक्त लॅबचा फ्रिज ठेवला. सु. म्हणते, माणसं घामाने निथळताहेत आणि बाटल्यांना थंडी वाजतेय! आत थर्मामीटर लावला आहे. आठ अंश, काटा हलत नाही. रोज सकाळी बघून कागदावर मांडतो. लॅबची खोड, जाणार नाही.
जयेंद्रगंजात आमच्या गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही आत काय आहे. शेजारचे तिवारी समजतात इन्सुलिन.

२८ ऑक्टोबर २०१९, पाडवा
दुसरी उघडली. मं. येऊ शकला नाही, फोनवर होता. फ्रिजमधून काढली, पळीभर हातावर. फुलं गेली. नाशपाती, बरीच पिकलेली. शेवटी कडू बदामाची चव. रंग थोडा गडद.
मं. खूश झाला. "बस बाबा, अशीच जायला पाहिजे. तुमचं नाक म्हणजे मशीन." लहानपणी शाळेत सांगत फिरायचा, माझे बाबा लेबल न बघता बाटलीतलं ओळखतात. मुलं खरंच बाटल्या घेऊन घरी यायची. एकाने रॉकेल आणलं होतं.
उरलेली बेसिनमध्ये ओतली. ओतताना खोलीभर वास. जरा वाईट वाटलं, पण ठेवून काय करणार, पिणारं कोण आहे घरात.

५ नोव्हेंबर २०२१, पाडवा
मं. चा दुपारी फोन. त्याचा भागीदार मागे लागलाय की या तीन जाती उपटा, दोन एकर अडकलेत, खाण्याची द्राक्षं लावू. "बाबा, माझ्याजवळची शेवटची उघडली. ओळखूच येत नाही. गप्प बसते म्हणून मीच लिहिलंय, पुस्तकातही आहे. पण ही गप्प आहे की गेली, मला मालूमच पडत नाहीये. माझा भरोसा उडालाय. तुमच्याकडची नीट राहिली असेल. तुमचं नाक काय म्हणेल ते फायनल."
म्हटलं, थांब, आत्ता सांगतो. फोन चालू ठेवूनच तिसरी काढली. पळीभर.
काही नाही. भिजका पुठ्ठा आणि गार पाणी.
म्हणालो, "मेली आहे ही." मग थांबायला हवं होतं. पण सु. चे भाऊ, वहिनी फराळाला बसलेले. सगळे ऐकत होते. मीही जरा जोरातच म्हणालो, "तू पहिल्यापासून आरंभशूर. गिटार झालं, नोकरी झाली, आता हे."
तिकडून आवाज आला, "ठीक आहे बाबा. पाडव्याचा नमस्कार."
वहिनी म्हणाल्या, चकली कुरकुरीत झालीय हं.

१७ एप्रिल २०२२
मं. ने फोटो पाठवला. दोन एकर मोकळी जमीन, कडेला मुळांसकट वेलींचा ढीग. खाली काही लिहिलेलं नाही. मी अंगठा पाठवला. सु. म्हणाली, अंगठा काय पाठवता! मग काय पाठवायचं ते तिलाही सुचेना.

१४ नोव्हेंबर २०२३, पाडवा
मं. आला नाही. ज्यूसच्या कारखान्यात लागला आहे, क्वालिटी कंट्रोल. पगार बरा. मला हवं होतं तसंच झालं. फोन दर रविवारी येतो. बीपी, गोळ्या, आईचा गुडघा. पाच मिनिटांत संपतो.
फ्रिज उघडला नाही. थर्मामीटर मात्र बघतो.

९ जून २०२४
फ्रिजचा गॅस गेला. शहरातच हजीऱ्याहून मेकॅनिक आला. "बाबूजी, इसको कबाड़ में दे दो. रखा क्या है इसमें?" म्हटलं, दवाई है. दुरुस्त करून घेतला. तोवर दोन्ही बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून कूलरसमोर, मी शेजारी खुर्चीवर. सु. आत-बाहेर करताना बघत होती. "मेलेली आहे म्हणाला होतात ना?"
मी फडकं पुन्हा भिजवून आणलं.

२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा
सु. ला बाहेरची खोली रिकामी हवी आहे. जानेवारीत तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तिथे पलंग टाकायचा. म्हणाली, एकदाचा निकाल लावा त्या बाटल्यांचा. चौथी उघडली. बूच निम्मं तुटलं. रंग पार बदललेला, कढत्या तुपासारखा पिवळा. पळीभर घेतली. २१ सालच्या बाटलीपेक्षा बरी, पण बोलत काही नाही. ओतायला उठलो तेवढ्यात तिवारी फराळाला आले. बाटली तशीच टेबलाखाली सरकवली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सकाळपासून हजीऱ्याला सु. च्या भावाकडे. चार वाजता परत आलो. कुलूप काढलं. बाहेरची खोली दिवसभर बंद होती, दारातच वास आला. आधी वाटलं शेजारी कुणी मधाचं पोळं उतरवलंय. मेण, मध. मागून भाजलेला अक्रोड. सु. म्हणाली, केशर कुणी खललं?
टेबलाखाली बघितलं.
स्टीलच्या पेल्यात ओतली. पळीत नाही. खुर्चीवर बसून, हळूहळू. सुकं जर्दाळू, नाशपातीच्या सालीचा कडवटपणा, आणि ती पहिल्या दिवशीची फुलं, वाळलेली. एकेक घोटाला नवीन काही. जन्मात अख्खा पेला कधी घेतला नव्हता. सत्तरी उलटल्यावर घेतला. शेवटी सु. ने स्वतः पेल्याला नाक लावलं. "मंदारने केलं हे?"
हो म्हणालो आणि रडू आलं. तिच्यासमोर लाज वाटली नाही.

२४ ऑक्टोबर
एक दिवस. तिला एक दिवस हवा होता, जरा ऊब आणि हवा. मी आठ वर्षांत तिला कधी पाच सेकंदांच्या वर दिले नाहीत. फ्रिजमधून बर्फासारखी काढायची, तीर्थासारखी हातावर, की निकाल. सांभाळण्यात कसूर केली नाही, काटा आठावर ठेवला. चाखायचं तेवढं आलं नाही.
लॅबमध्ये पोरांना ओरडायचो, रीडिंग घाईने घेऊ नका.

२५ ऑक्टोबर
काल लिहिलं ते अर्धंच खरं. रोजनिशीत तरी खोटं नको.
चिठ्ठी दारालाच आहे. शाई उडाली आहे, तरी वाचता येते. २१ साली बाटली काढताना मी ती वाचली होती. 'निकाल देऊ नका' हेही वाचलं होतं. द्राक्षं १६ ची, पाचवं वर्ष, हिशेबही झाला होता मनात. तरी दिला. मला तो नोकरीत परत यायला हवा होता. लग्नाकार्यात 'तुमचा दारूवाला काय करतो' ऐकून कंटाळलो होतो. त्याने माझं नाक मागितलं आणि मी त्याला माझी हौस दिली. वाईन मेली नव्हती. मेली म्हणालो, कारण मला ती मेलेली हवी होती.

२ नोव्हेंबर, रविवार
मं. चा फोन. बीपी, गोळ्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्याकडे त्या वाईनची एखादी बाटली असेल ना?
"कुठून? माझ्यावाली शेवटची तेव्हाच संपली. बाकीच्या बाटल्या भागीदाराने विकून टाकल्या. का?"
काही नाही म्हणालो.
म्हणजे सगळ्या जगात एक उरली, आणि ती जयेंद्रगंजात, लिलावाच्या फ्रिजमध्ये.
सु. ला विचारलं, सांगू का. तिने गवार मोडता मोडता विचारलं, "सांगून वेली येणार आहेत का परत?" शेवटची शेंग मोडून स्वतःच म्हणाली, "पण तो चार वर्षं समजतोय की त्याला जमलं नाही."

१९ डिसेंबर
टोपी बाजारात गेलो. पातळ काचेचे, मोठ्या पोटाचे पेले. दुकानदार म्हणाला, "शादी है क्या, अंकल?" दोन घेतले. "दो में क्या होगा? दर्जन ले लो." दोनच घेतले. बैल गेला आणि झोपा केला, ते हेच.

११ जानेवारी २०२६
मं. परवा येतोय, आईच्या ऑपरेशनसाठी चार दिवस. पाचवी बाटली फ्रिजमधून काढून कपाटात ठेवली. थर्मामीटर काढून टाकला. वाक्य पाठ करतोय. आधी चिठ्ठीचं सांगायचं, मग ओतायची. उलट केलं तर लाच होईल.

१३ जानेवारी
गाडी सकाळी सहाला होती. धुकं इतकं की समोरचं घर दिसत नाही. मी पाचला बूच काढून बसलो, तर गाडी चार तास लेट. मग सहा. सु. म्हणाली, बूच परत लावा. म्हटलं, राहू दे, हिला घाई नाही.
साडेबाराला रिक्षा थांबली. मं. दारातच उभा राहिला. कानाच्या वर केस पांढरे झालेत, फोनवर कळलं नव्हतं. सॅक खांद्यावरून न उतरवता म्हणाला, "बाबा, हा वास कसला?"
पाठ केलेलं सगळं विसरलो. "तुझी आहे. मेलेली नव्हती. चिठ्ठी मी वाचली होती, तरी बोललो." एका दमात, दारातच.
तो आत आला. बसला. मी ओतली, नव्या पेल्यात. त्याने पेला उजेडाकडे धरला, वास घेतला, डोळे मिटले. एक घोट. किती वेळ तोंडात ठेवला कोण जाणे. मग म्हणाला, "हीच होती."
पुन्हा विचारलं, "वाचली होती?"
"हो."
पेला टेबलावर ठेवला, अगदी हळू, आवाज न होऊ देता. "आईचे रिपोर्ट कुठे आहेत?" आणि आत गेला.

१४ जानेवारी, संक्रांत
ऑपरेशन चांगलं झालं. मं. सकाळपासून तिच्याजवळ. तिळगूळ दिला, घेतला. पायाही पडला. 'गोड गोड बोला' मी म्हणालो, त्याने मान हलवली.
त्याचा पेला टेबलावर कालचाच, निम्मा. सु. च्या डोळ्यावर पट्टी, तिला दिसत नाही, पण वासाने कळलं. विचारते, "अजून तिथेच आहे? ओतला नाहीत?"
नाही म्हटलं. वर बशी झाकून ठेवली आहे.
"आणि तो काय म्हणाला?"
काही नाही. अजून काही नाही.