घासलेली भिंत

३ फेब्रुवारी, सोमवार
कीर्ती मॅडमचा फोन. जांभूळ गावाच्या वाटेवरचं आपलं पडकं देऊळ बघायला परवा त्यांचे विद्यापीठातले सर येणार. जुना दगड ऊनपावसात, कारखान्यांच्या धुरात कसा झिजतो, हा मॅडमचा अभ्यास. तीन वर्षं पश्चिमेची भिंत मोजताहेत आणि टेप धरायला मी! कंपनीत फिटर होतो. दगडांचं थोडंफार कळतं ते वाचून वाचून. आण्णा, सरांशी तुमची ओळख करून देते, म्हणाल्या.
भिंत मात्र काळीकुट्ट, वर दगडफुलाचे पोपडे. पाहुण्यांपुढे असं पारोसं देऊळ?

४ फेब्रुवारी
तारेचा ब्रश, फरशीचं ॲसिड. दुपारभर एकट्यानं घासली. लख्ख! कंबर मोडली, पण जीव गार झाला.

५ फेब्रुवारी
शेण खाल्लं मी.
मॅडम भिंतीपुढे उकिडव्या बसल्या, दगडावरून बोट फिरवलं. मग सरांना हळूच म्हणाल्या, दगडावरची साय, वर्षानुवर्षं चढलेला तो काळा थर, गेली. त्या सायीचंच तर मोजमाप होतं. आता कशाशी ताडायचं? — तीन वर्षं टेप धरली, पण काय मोजताय हे विचारलं नाही कधी. कळतंय असं दाखवत मान डोलवली नुसती.
कोणी केलं, असं मॅडमनी विचारलं. मी तोंडात गुळणी धरून उभा. देवळाचा कारभार बघणारा हरिचंद्र म्हणाला, "गोदूशिवाय कोण? दर सोमवारी तीच येते दिवा लावायला. तेलाचे डाग काढत बसली असेल." गोदू म्हणजे माझी शेजारीण. मॅडम नको नको म्हणत असताना त्यानं ठरवूनही टाकलं, यापुढे तिला देवळात यायची बंदी.
निघताना सरांनी माझा हात हातात घेतला. तुमच्यासारखी माणसं हवीत म्हणाले.
मी पुन्हा मान डोलवली नुसती.

७ फेब्रुवारी
मॅडमना फोन लावायला घेतला. ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार
देवळात दिवा नाही.
गोदूच्या ओटीवर गेलो. भिंत मी घासली, असं सांगितलं एकदाचं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक हाय. पलीकडं गवत कापत होते मी, बघितलं तुम्हाला. म्हटलं, आण्णा हायेत, सांगतील आपणहून."
तिथेच बसून हरिचंद्रला फोन लावला, मग मॅडमना. गोदू आत गेली नाही. सूप बाजूला ठेवून ऐकत बसली.