हजार फुटांचा ठराव

३ मार्च २०११
आजपासून दोन निश्चय. एक, नगराध्यक्ष या नात्याने गावातल्या गांजाच्या दुकानाचा सोक्षमोक्ष लावायचा. कॅलिफोर्नियात डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो म्हणून काय आमच्या गावातही मिळावा? दोन, बायकोला, नॅडीनला, रोज माझ्या हातचं चिकन सूप. वजन घटलं तर किमो बंद करावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. दोन्ही आघाड्या मी सांभाळीन.

१० मार्च, गुरुवार
सूप लागू पडलं! नॅडीन गोधडी मंडळातून आली ती भुकेलेली. दोन वाडगे सूप, वर पाव, वर पीच पाईचा गोड तुकडा. हसलीसुद्धा. सूपात माझा हात कोणी धरणार नाही.
तिच्या कोटाला उग्र वास येतो. म्हणे मंडळाच्या हॉलखाली स्कंक शिरलाय, तो दुर्गंधी फवारणारा प्राणी, आणि घाण करून ठेवतो. नगरपालिकेचा माणूस पाठवला. स्कंक सापडला नाही. पुन्हा पाठवीन.

१५ मार्च
नियम तयार: गांजाचं दुकान शाळा, चर्च, बाग, पाळणाघर यांच्यापासून हजार फूट लांब हवं. तेही दारापासून दार नव्हे, कुंपणापासून कुंपण. ही माझी शक्कल! नियोजन खात्याच्या हुआनिताने नकाशावर वर्तुळं काढली. सगळं गाव झाकलं गेलं, तळ्याचा मधला भाग तेवढा उरला. म्हणजे बंदी नाही, जागा ठेवलीय! वकीलही बोट ठेवू शकणार नाहीत. होडीत दुकान काढायचं का, असं हुआनिताने विचारलं. दुर्लक्ष केलं.

५ एप्रिल
ठराव पास. दुकानवाली टेरे इबारा म्हणाली, माझी गिऱ्हाइकं आजारी माणसं आहेत हो, त्यांनी जायचं कुठे? मी म्हणालो, शेजारच्या काउंटीत दुकान आहे, दोनच तासांचा रस्ता. ती कीव आल्यासारखी बघत राहिली. हरलेली माणसं अशीच बघतात.

४ मे
दुकानाला कुलूप. गोधडी मंडळही बंद पडलं म्हणे. बायकांचं हे असंच, उत्साह चार दिवसांचा.
नॅडीनला सूपाचा वास आला तरी उलटी होते. मीठ कमी पडत असावं. उद्यापासून लसूण.

२० मे
लसणाने भागलं नाही. आल्यानेही नाही. डॉक्टरांनी वजन केलं आणि किमो थांबवली. परत येताना तिचा हात हातात घेतला, तर अंगठी निसटून गाडीत पडली. मला भीती वाटते. फार भीती वाटते.
टर्कीचं सूप करून बघतो.

७ जून
कौन्सिलची बैठक. बोलायला प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं, एक सेकंद जास्त नाही. हा नियम मी आजवर कोणासाठी वाकवलेला नाही. यादीतलं शेवटचं नाव पुकारलं: नॅडीन हॅस्केट. येणार आहे, हे मला बोलली नव्हती. टेरेने तिची व्हीलचेअर माइकपर्यंत ढकलत आणली.
नॅडीन म्हणाली, गोधडी-बिधडी काही नव्हतं. गुरुवारी मी टेरेच्या दुकानात जायचे. मळमळ थांबायची, तेवढ्यात चार घास जायचे. सूपाने नाही रे, व्हर्लिन. तुला सांगितलं असतं तर आधी भाषण ऐकावं लागलं असतं.
लोक हसले नाहीत. तिला धाप लागली. पाणी प्यायला बराच वेळ गेला. मग म्हणाली, मला तुम्हा सगळ्यांकडे एवढंच मागायचंय की... आणि घंटा वाजली.
हुआनिता मानेने खुणावत होती, बोलू द्या म्हणून. पण बायकोसाठी नियम वाकवला तर उद्या गाव मला काय म्हणेल? हातोडा आपटला. आपला वेळ संपला, म्हणालो, धन्यवाद.
गाडीत विचारलं, काय मागणार होतीस? सांग, पुढच्या बैठकीत मी स्वतः मांडतो.
खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, राहू दे रे. माझा वेळ संपला.