कालवृक्ष, भाग दोन

१ मे १९८८, रविवार

निकाल लागले. गणिताचे पेपर, प्रगतिपुस्तकं, पालक, सगळं संपलं. शाळा आता थेट २७ जूनला.

निश्चय : या सुट्टीत 'कालवृक्ष'चा दुसरा भाग पूर्ण करणे. मुंबईच्या एका कंपनीने कॉम्प्युटर-खेळांची स्पर्धा जाहीर केली आहे. खेळाची कॅसेट ३१ मेपर्यंत पोचली पाहिजे. महिना पुष्कळ झाला.

पहिला भाग मी दिवाळीत स्टाफरूममध्ये दाखवला होता. त्यात नायक जंगलात फिरतो आणि मरतो. हेडमास्तर म्हणाले, छान आहे, मुलांना दाखवू नका. दुसरा भाग वेगळ्या दर्जाचा आहे. यात काळाचा प्रवास आहे. सागवानाचा प्रचंड ओंडका, कापलेल्या तोंडावर वलयं. एक वलय म्हणजे एक वर्ष. खेळणाऱ्याने आकडा टाइप करायचा, नायक तितकी वर्षं मागे.

वलयांची कल्पना एका अर्थी बाबांची. त्यांनी लकडगंजला ओंडके कापायच्या आरामशीनवर चाळीस वर्षं लाकूड मोजलं. ओंडक्याच्या तोंडावरून बोट फिरवून झाडाचं वय सांगत. पण वलयं कोणीही मोजेल. खेळ माझा.

३ मे, सकाळी ७

नियम ठरले. नायकाजवळ दम, शिदोरी, कुऱ्हाड, कंदील. शंभर वर्षांपूर्वी रोप तोडलं तर आज घराचं आढं गायब. झाडात खिळा ठोकला की तिथून पुन्हा खेळता येतं. खिळे तीनच.

सर्वांत भारी नियम आज आंघोळ करताना सुचला. निघताना उंबऱ्यावरची वनदेवता एक शब्द सांगते. परत यायचं तर तोच शब्द टाइप करायचा. विसरला, तर नायक त्या सालातच राहतो आणि तिथेच म्हातारा होतो. असा नियम जगात कोणी केला नसेल.

कूलरचा प्रश्न. कूलर सुरू झाला की व्होल्टेज पडतं, कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीचा स्क्रीन पांढरा होतो आणि सकाळपासून टाइप केलेलं सगळं जातं. म्हणून ११ ते ५ कूलर बंद. माझी बायको शामला हिने विचारलं, तुमच्या खेळातल्या माणसाले थंडी वाजते काय. बायकांना व्होल्टेज समजत नाही.

४ मे

टेस्टिंग सुरू. टेस्टर बाबा. वय ७१. ओंडक्यांवरचे इंग्रजी छाप वाचून वाचून रोमन अक्षरं ओळखतात, म्हणून स्क्रीनवरचं रोमनमधलं मराठी त्यांना वाचता येतं. एका बोटाने टाइप करतात. कॅसेट लोड होताना जो आवाज होतो त्यावर शेजारचे गणपतराव खिडकीतून विचारून गेले की डुकरं कापून राहिले का.

बाबांनी पंचेचाळीस टाकलं, १९४३ मध्ये गेले. शब्द आठवला नाही. परत येता आलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोणं बनवला गा हा खेळ?"

मी, म्हटलं.

"शाबास."

एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मॅट्रिकला गणितात जिल्ह्यात पहिला आलो तेव्हा त्यांनी विचारलं होतं, दुसरा कोण आला.

टेस्टिंगची वेगळी वही केली. तारीख, वेळ, टेस्टर काय बोलले, निकाल. शाबासला एक उभी रेघ.

५ मे

बाबा पुन्हा खेळले. पहिल्या स्क्रीनपासून, तितक्याच उत्सुकतेने, जणू कधी पाहिलाच नाही. पुन्हा विचारलं कोणं बनवला. पुन्हा शाबास. दोन दिवसांत दोनदा. मी काही सुचवलं नव्हतं.

८ मे, रविवार

आठ टेस्ट, आठ शाबास. कंटाळा शून्य. हे स्पर्धेच्या फॉर्ममध्ये लिहिणार.

शामलाची तक्रार : मामाजींनी, म्हणजे बाबांनी, चपला गव्हाच्या कोठीत ठेवल्या, आणि जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने विचारलं, आज स्वयंपाक नाही का. तिचं म्हणणं रामदासपेठेतल्या डॉक्टरांना दाखवा, ते याच आजाराचे आहेत. कुठल्या आजाराचे, विचारलं. तिने चपला कोठीतून काढून आणल्या. मी समजावलं की बुद्धिबळवाल्यांचंही असंच होतं, माणूस खेळात बुडाला की बाकीचं विसरतो. ३१ तारखेनंतर दाखवू.

११ मे, दुपारी ३

ऐतिहासिक दिवस. बाबा खेळता खेळता मला "रामाजी" म्हणाले. रामाजी आरामशीनवरचे त्यांचे जोडीदार. वारून वीस वर्षं झाली. बाबांनी मला विचारलं की मशीनचा पट्टा बदलला का, साहेब ओरडून राहिला.

म्हणजे ते खरोखर १९४३ मध्ये आहेत. अठ्ठेचाळीस के मेमरीत, चार रंगांत, मी माणसाला पंचेचाळीस वर्षं मागे नेऊन दाखवलं. मी म्हटलं, बदलला. त्यांचं समाधान झालं. परिणाम जेवणापर्यंत टिकला.

शामलाला सांगितलं. ती रडली. तिच्यावरही परिणाम होतो आहे.

१४ मे

लाइट गेली. राक्षसाचा अख्खा विभाग गेला. निश्चय : दर अर्ध्या तासाने सेव्ह करणे. राक्षस रद्द. नाही तरी कथेला जड होत होता.

उन्हाचा पारा ४५. बाबांच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला आहे. तक्रार करत नाहीत. ऊन लागू नये म्हणून शामला कांदा आणून त्यांच्या खिशात घालते, ते काढून मला देतात, मी कीबोर्डजवळ ठेवतो. एकूण सात कांदे.

१७ मे

एकोणतीस टेस्ट. अडचण एकच. बाबा एकदाही परत आलेले नाहीत.

शब्द आधी 'पळसगाव' होता. मोठा वाटला म्हणून 'पळस' केला. मग 'बोर'. काल वनदेवतेने 'बोर' सांगितलं, बाबांनी मान हलवली, दोन मिनिटांनी म्हणाले, कोणती वनदेवता.

फॉर्ममध्ये रकाना आहे : खेळ कोणी शेवटपर्यंत नेला आहे का. एक तरी माणूस हवा. शामलाला बसायला सांगितलं. तिला १९४३ मध्ये जायचं नव्हतं, चक्कीवर जायचं होतं.

१९ मे

सुचलं. इतकं सोपं की हसू आलं. शब्द असा हवा की जो बाबा विसरूच शकत नाहीत.

आईचं नाव घातलं. मनकर्णा.

शेवटचा स्क्रीनही बदलला. बाबा सांगत असत की नवीन लग्न झालं तेव्हा आई रोज दुपारी बारा वाजता आरामशीनच्या फाटकाशी डबा घेऊन उभी राहायची, आत यायला लाजायची. म्हणून नायक परत आला की स्क्रीनवर येतं : मनकर्णा फाटकाशी डबा घेऊन उभी आहे.

दुपारी टेस्ट. बाबा १९४३ मध्ये गेले. स्क्रीनने शब्द विचारला. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, पण न अडखळता टाइप केलं. परत आले. एकतिसाव्या टेस्टमध्ये खेळ पूर्ण झाला.

त्यांनी शेवटचा स्क्रीन खूप वेळ वाचला. मग विचारलं, मनकर्णा आली काय. मी म्हटलं, आली. स्क्रीनवर तसं लिहिलंच होतं.

आई जाऊन सहा वर्षं झाली हे त्यांना माहीत आहेच. आज फक्त खेळाच्या ओघात.

२१ मे

रोज दोनदा पूर्ण करतात. एकदाही चूक नाही. मेहनतीने माणूस सुधारतो हे मी वर्गात उगाच सांगत नाही.

खेळ झाला की पांढरा सदरा घालतात, टोपी घालतात, बारा वाजले का विचारतात. मी म्हणतो नाही वाजले. मग पुन्हा लोड करतो. आज दाराला आतून वरची कडी लावली. शामला म्हणाली, "तुमचा खेळ सरत नाही अन् घरातला माणूस सरून राहिला."

वाक्य चांगलं आहे. वनदेवतेच्या तोंडी घालता येईल.

२३ मे

पूर्ण. फॉर्म भरला. नाव मधु, वडिलांचं नाव रुपराव. 'चाचणी : ७१ वर्षांचे एक गृहस्थ, ३९ वेळा, प्रत्येक वेळी नव्याने रमले.' शब्द न् शब्द खरा.

२४ मे, मंगळवार, सकाळी ९

आज रजिस्ट्री. शामला बहिणीकडे गेली. जाताना दोनदा विचारलं, तुम्ही घरीच आहात ना. हो म्हटलं.

पोस्ट दहा मिनिटांवर. बाबांसाठी खेळ लावून जाईन. तेवढा वेळ ते खुर्चीवरून उठणार नाहीत.

२५ मे, रामदासपेठ, दवाखाना

नीट लिहायला हवं.

मी साडेअकराला निघालो. कडी बाहेरून लावली. लावली असं वाटतं. रजिस्ट्रीच्या खिडकीवर रांग होती, पार्सलला कापड शिवून आणा म्हणाले, ते शिवून आणलं. दहा मिनिटांचे दोन तास झाले. यात पोस्टाचीही चूक आहे.

परत आलो तर दार उघडं. टीव्ही चालू. मनकर्णा फाटकाशी डबा घेऊन उभी आहे.

मी आधी मागच्या गल्लीत शोधलं, मग देवळात. तासभर भलतीकडे फिरलो. गणपतरावांना स्क्रीन दाखवला तेव्हा त्यांनी वाचून स्कूटर काढली आणि विचारलं, "कोणतं फाटक गा?"

आरामशीन कधीच बंद झाली आहे. तिथे प्लायवूडचं गोडाऊन आहे. फाटक तेच. बाबा फाटकाबाहेर उन्हात उभे होते. बसले नव्हते. पहारेकऱ्याने पाणी दिलं होतं, सावलीत या म्हटलं होतं. ते म्हणाले होते की मी सावलीत गेलो तर तिले दिसणार नाही.

अंग तव्यासारखं होतं. घाम नव्हता. स्कूटरवर मध्ये धरून आणलं. अनवाणी होते. त्यांच्या चपला नंतर शामलाला कोठीत सापडल्या.

२७ मे, दवाखाना

ताप उतरला. डोळे उघडले. वाचले.

डॉक्टरांनी विचारलं, विसरणं कधीपासून. मी म्हटलं, ऊन लागल्यापासून. शामलाने पिशवीतून टेस्टिंगची वही काढून डॉक्टरांना दिली. तारीख, वेळ, काय विचारलं, किती वेळा विचारलं, मला कोणत्या नावाने हाक मारली, किती मिनिटांनी काय विसरले. सगळं माझ्या अक्षरात.

डॉक्टरांनी शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, इतकी व्यवस्थित नोंद ठेवणारा नातेवाईक मी पाहिला नाही.

आधी मला ते बरं वाटलं.

२९ मे, रविवार

उन्हाने मेंदूला आणखी मार बसला आहे. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी विचारलं, वर्षभर आधी आणलं असतं तर. ते म्हणाले, आजार थांबला नसता. पण दार बंद ठेवायचं असतं हे तुम्हाला कळलं असतं.

रेघा मोजल्या. एकोणचाळीस. एकोणचाळीस वेळा शाबास असं मी समजत होतो.

४ जून

बाबा घरी. मला "भाऊ" म्हणतात. "आपण" म्हणतात. दवाखान्यातल्या माणसाशी बोलावं तसे, अदबीने. शामलाला ओळखत नाहीत, पण तिच्या हातचंच खातात.

निश्चय : रोज सकाळी त्यांना फिरवून आणणे. काल झालं नाही. आजही नाही, त्यांना बरं नव्हतं. मला बरं नव्हतं.

१७ जून

मुंबईचं पत्र. तीन ओळी. कॅसेट लोड झाली नाही. प्रवासात उष्णतेने टेप ताणली गेली असावी. प्रवेशिका विचारात घेता आली नाही.

म्हणजे खेळ शेवटपर्यंत नेलेला माणूस जगात एकच.

शामलाला पत्र दाखवलं. तिने वाचलं आणि घडी करून टेस्टिंगच्या वहीत ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ जून, रविवार, दुपारी

कूलर चालू आहे. कॉम्प्युटर खोक्यात भरून टीव्हीखाली ठेवला आहे. सोमवारपासून शाळेची तयारी.

बाबा खाटेवर बसले होते. बराच वेळ खोक्याकडे बघत होते. मग बोट दाखवून विचारलं, यात काय आहे भाऊ. खेळ आहे, म्हटलं.

"कोणं बनवला गा?"

मी, असं म्हणता आलं असतं. वही हाताशी होती. पण मी म्हटलं, मधुने बनवला. रुपरावांच्या मधुने.

त्यांनी मान हलवली.

"शाबास. त्याच्या बापाले दाखवला का त्यानं?"

दाखवला, म्हटलं. रोज दाखवला.

"मंग काय म्हणे बाप?"

कूलरचं पाणी संपत आलं होतं. मी बादली आणायला उठलो.