ज्याचा फोन त्याला

सोम. ३ फेब्रुवारी ८६
कट्ट-कडकट्ट, कट्ट-कडकट्ट. पहाटे त्याच आवाजाने जाग आली. स्वप्नच. वडिलांच्या तारऑफिसातलं यंत्र. शाळा सुटली की त्या खिडकीखाली उभा राहायचो. गुरुजींनी लघु-गुरू नुकते शिकवलेले, त्यामुळे मला ते सगळं भुजंगप्रयातात ऐकू येई. मुंबईहून कुणीतरी रोज एक कविता पाठवतंय, असं वाटे. खरं तर बहुतेक कुणी गेल्याच्याच तारा. वडील घरी येत, पाय धुवून पानावर बसत. शिपाई पोचला की गावात कुणाकडे रड उठणार, हे त्या एका माणसाला ठाऊक. आई विचारी, "काय विशेष?" "ज्याची तार त्याला." पुढे आमटी वाढ.

आज फोन तीनदा वाजला. तिन्ही शेजारचे. मजल्यावर फोन आमचाच, सगळ्यांच्या कार्डावर आमचा नंबर, पुढे पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्याचा. अर्ज केला तेव्हा आमची ही, माई, होती; फोन आला तेव्हा नव्हती. तिला किती आवडलं असतं हे येणंजाणं! रिवाज तिनेच घातला असता, तो मी घातला: शेजाऱ्याचा फोन आला की घरच्यांनी गॅलरीत जायचं.

तिसरा फोन शेजारी माहेरी आलेल्या सुमनला, तिच्या नवऱ्याचा. ती बोलून गेली तेव्हा चेहरा पांढरा.

गुरु. ६ फेब्रु.
सुमन व तिची आई आल्या. सोबत सोलकढी, तांब्याभर. (हे लोक मला उपाशी मरू देणार नाहीत.) सतीश, म्हणजे नवरा, मुलुंडला. पाच वर्षांचा मंदार त्याच्याकडेच. कोर्टात हात जोडून म्हणतो, घरी ये. फोनवर वेगळंच: घटस्फोटावर सही कर, मुलाचं नाव काढू नकोस, नाहीतर पाचगणीला होस्टेलात टाकीन, वर्षभर तोंड दिसणार नाही. १४ला तारीख. कोर्ट कुणाचं मानणार? हात जोडणाऱ्याचं.

वकील सबनीसबाईंचं म्हणणं, टेप करा. मला पटेना. म्हणून बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अण्णा, दुसऱ्यांच्या बोलण्यात तारेवर मधेच कान घालणं हा गुन्हा. ते फक्त सरकारने करायचं, तेही तसंच कारण असलं तर. सुमन स्वतःचंच बोलणं टेप करतेय. कोर्ट ऐकतं. आवाज ओळखू आला पाहिजे, टेपला कात्री लागलेली नको, बस्स."

कायद्याचं झालं. पण वडील काय म्हणाले असते?

वृंदा (आमची सूनबाई): "अण्णा, त्या पोरीचा मुलगा गेलाय आणि तुम्ही तारमास्तर कसले होताय? दोन बटणं दाबायची नि गप्प बसायचं!"

सुमनची आई आमच्या टेपरेकॉर्डरकडे बघत, "अण्णानू, ह्या डब्यात तेचो आवाज गावतलो मां?"

गावतलो, सापडेल, म्हटलं. हो म्हणून बसलो.

रवि. ९ फेब्रु.
चिरंजीव मोहनने लॅमिंग्टन रोडवरून रबरी चकती आणली. रिसीव्हरच्या पाठीला चिकटते, वायर टेपरेकॉर्डरमध्ये. वृंदाच्या आवाजावर तालीम. स्वच्छ येतो. सुमन बोलणार, बटणं मी दाबायची. लाल आणि काळं, एकदम.

मंगळ. ११ फेब्रु.
काय लिहू.

संध्याकाळी फोन. मी उचलला. सतीश. सुमनला हाक मारली, ती धावत आली, रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि...

आणि उठून गॅलरीत गेलो. सवयीने! गॅलरीत उभा राहून तुळशीला पाणी घालत होतो, चांगलं निवांत, ओठांवर चौथीच्या पुस्तकातली कविता. आतून सुमनचा आवाज चढला तेव्हा आठवलं. आत गेलो तर फोन ठेवलेला. कॅसेट जागची हललेली नाही.

वृंदा कपाळावर हात मारून, "अण्णा! वाट लावलीत!" मोहनने कोरी कॅसेट काढून पाहिली, परत घातली. ते जास्त लागलं.

सुमन बसून होती. डोळे पुसले, म्हणाली, "अण्णा, राहू दे. तुम्ही समोर बसला असतात तर मी हो-नाही करत टेप भरली असती. मोकळी खोली बघून मला जोर आला. सांगितलं त्याला, सही करणार नाही, काय करायचं ते कर. तीन वर्षांत पहिल्यांदा बोलले मी." मग माझ्याच पाया पडली. वेडी पोर. माझ्या मूर्खपणाचेसुद्धा आभार मानणारी माणसं देवाने मला या मजल्यावर दिली.

सबनीसबाई फोनवर, "धन्य आहात! आता काय दाखवू कोर्टाला, तुमची तुळस?" साक्ष द्यायची माझी तयारी आहे म्हटलं. "ऐकलंत काय तुम्ही?" काहीच नाही.

गुरु. १३ फेब्रु.
उद्या तारीख. परवापासून सतीशचा फोन नाही. दोन दिवस यंत्रापाशी बसून आहे, जेवणसुद्धा तिथेच. बाई म्हणतात, हाती काही नाही, बघू.

सुमन ऑफिसातून यायच्या जरा आधी दार वाजलं. बाहेर एक म्हातारी, हातात पर्स गच्च. ओळखायला वेळ लागला. लग्नात पाहिली होती. सतीशची आई. मुलुंडहून एकटी.

"सुमन शेजारीच ना? तिच्या दारात जायचं धैर्य झालं नाही. नंबर तुमचा पाठ आहे, तो डायल फिरवतो ते रोज ऐकते." बसवलं. पाणी दिलं. प्यायली नाही. "आमचा फोन माझ्या पलंगाशी आहे हो. तो बोलतो तेव्हा मी तिथेच असते. मला कुणी बाहेर जा म्हणत नाही. जप करतेय म्हणतात."

"मंदार कसा आहे?"

पर्स उघडली, मिटली. मग, "उद्या कोर्टात मी आले, तर मला विचारतील का?"

कोणाच्या बाजूने, हे मला विचारवलं नाही. शेजारी कुलूप उघडल्याचा आवाज झाला. मी दारात जाऊन सुमनला हाक मारली.