अवटुग्रंथीचा असहकार

५ जानेवारी, दुर्गाघाट

श्रीमद्वेदशास्त्रसंपन्न, वसंतपूजाधुरंधर, स्थूलोदर, दीर्घनिद्रापटू वेदमूर्ती रत्नाकरभट्ट यांस आज आणखी एक उपाधी प्राप्त झाली: मंदथायरॉईड. टीएसएच अठरा, साडेचारच्या आत हवा होता. गळ्यातली ग्रंथी कामचुकार झाली, म्हणून मेंदू तिच्यावर ओरडतो. तो ओरडा म्हणजे हा आकडा, असे डॉक्टर म्हणाले. रोज उपाशीपोटी एक गोळी.

म्हणजे घसा बसला आहे तो थंडीने नव्हे, या ग्रंथीने.

६ जानेवारी

गोळी मुगाएवढी. एवढ्याशा देवतेवर माझा स्वर सोपवायचा.

१८ फेब्रुवारी

टीएसएच बावीस. औषध घेऊन वाढला! डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले. "गुरुजी, दवा खा रहे हैं कि गंगाजी में बहा रहे हैं?" मात्रा वाढवली. मी हसलो. आवाज फुटला नाही, नुसती हवा आली.

९ मार्च

मेअखेरच्या वसंतपूजेचे बोलावणे आले. समोरासमोर बसून वैदिक मंत्र म्हणतात. एकाचा स्वर पडला की सभेला कळते. ईशानी म्हणाली, "बाबा, इस बार मना कर दो ना." लेक मराठी सोडून हिंदीत शिरली की समजावे, घाबरली आहे.

आज संध्येच्या वेळी स्वतःचे गोत्र क्षणभर आठवेना. हे सुनीतीला सांगितलेले नाही. बायकोला सांगितले की ते खरे होते.

१ एप्रिल

चोवीस. डॉक्टरांनी विनोद केला नाही — हे लक्षण मला आवडले नाही.

"गोली किस चीज़ से लेते हैं?"

मी साभिमान सांगितले: पूजा आटोपून, पंचामृताबरोबर.

"दूध-दही से? मैंने ख़ाली पेट कहा था."

म्हटले, तीर्थाने उपवास मोडत नाही. धर्मशास्त्र याविषयी निःसंदिग्ध आहे.

सुनीती शेजारून म्हणाली, "अहो, पण त्या गोळीची मुंज कुठे झालीय?"

दूध गोळीला रक्तात उतरू देत नाही म्हणे. म्हणजे इतके दिवस मी तिला विधिपूर्वक अडवत होतो. आता उठताच नुसत्या पाण्याशी. पुढे तासभर ओठांना काही लावायचे नाही. पण एवढेच कारण असेल का, हे डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. "छह हफ़्ते बाद देखेंगे."

२० एप्रिल

भीती वाटते. यासाठी भारदस्त समास सापडला नाही.

१५ मे

टीएसएच साडेतीन. पहाटे घाटावर म्हणून पाहिले. स्वर चढला आणि वरच राहिला. सभेला होकार कळवला.

गोळी आजन्म. तेही मान्य. परंतु त्या निषिद्ध तासातच शेजारचे बिंदुमाधव आल्याचा चहा उकळतात, वास थेट आमच्या खिडकीतून येतो, आणि खिडकीचे दार वाकले आहे, लागत नाही. सुताराला सांगून झाले. तो रोज "कल" म्हणतो.