सरांच्या नावावरची चूक

सर, कॉलेजच्या ऑफिससाठी तुम्ही स्वतः बसून लिहिलेलं सॉफ्टवेअर आज बंद केलं. मीच केलं. सगळ्या नोंदी क्लाउडवर न्यायचं काम आमच्या कंपनीला मिळालंय, आणि कॉलेज अर्धवट सोडलेला मी महिनाभर तुमच्याच लॅबमध्ये बसतोय. डोळे चुरचुरतात. चपला अजून दाराबाहेरच काढायच्या असतात.

त्या दिवशीही काढल्या होत्या. वर्गातली एक मुलगी मला आवडायची, तिला माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये आणायला मी तुमचा पासवर्ड वापरला आणि दुसऱ्याच दिवशी सापडलो. तुम्ही सगळ्यांसमोर उभं केलंत. "पासवर्ड माझा वापरलास, आन् डोकं कुणाचं रे? पोरी बघाय आलायस व्हय हितं?" पोरं हसली. ती पण हसली. माझं टाळकं फिरलं. "काढा की मग माझं नाव!" असं ओरडून तसाच अनवाणी कळंबा तलावापर्यंत चालत गेलो. संध्याकाळी पिशवीत माझ्या चपला घेऊन तुम्ही शिवाजी पेठेत घरी आलात. आईला म्हणालात, "सोमवारी पाठवा त्याला." मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही. तरी तुम्हीच प्राचार्यांना सांगून मला काढलंत, असं धरून चाललो, आणि तुम्ही वारल्यावरही पेठभर तेच सांगत राहिलो.

परवा तिच्या नोंदीखाली शेरा दिसला. "बॅच माझ्या हातून चुकून बदलली." खाली तुमचं नाव. माझा उल्लेखच नाही. मग माझी नोंद उघडली. माझं नाव कुणी काढलंच नव्हतं, सर. वर्ष संपेपर्यंत नुसती गैरहजेरी लागलीय. मीच आलो नव्हतो.

शेरा दुरुस्त केला की करणाऱ्याचं नाव खाली लागतं, आणि अशा दुरुस्त्यांची यादी कॉलेजकडे जाते, आमच्या कंपनीकडेही. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "कशाला उकरतोस बाबा? सर तर गेलं. जाऊ दे की हाय तसं, तुझी नोकरी जाईल." मग लिहिलं, बॅच मी बदलली, सरांचा पासवर्ड चोरून, सरांची चूक नाही. खाली माझं नाव. यादी गेली. उद्या काय म्हणतील ते म्हणतील. भांडायचं त्राण आता राहिलेलं नाही.

हे पत्र तरी कुठं पाठवणार? फक्त एक सांगायचं राहिलं. तुमचा शेरा मी शोधत नव्हतो, सर. हाताशी एवढं काम पडलेलं असताना मी तिची नोंद उघडली होती, तिचा फोटो बघायला.