अळीची माशी होईपर्यंत

प्रिय भिंगू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. नव्या ऑफिसात तुला बियाण्यांच्या जुन्या फायली लावायला बसवलंय, खिडकी उघडत नाही आणि चहा पाणचट मिळतो, हे वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगते, शेवटचं पान मी चार वेळा वाचलं. तू माल न तपासताच सोडतेस, ही तुझ्याविरुद्धची निनावी तक्रार कुणी केली असेल, याचा तू बराच विचार केला आहेस. सगळ्यात जास्त संशय तुला प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्याचा, कारण चौकशीच्या दिवशी त्याने मान वर केली नाही. त्याचे फोन घेणंही तू बंद केलंस. माझ्याबद्दल मात्र लिहिलंयस, ‘तुझ्याशिवाय तिथे माझं कुणी नाही.’

इकडे बेरींचा हंगाम जोरात आहे. रोज सकाळी परदेशी माल सोडवून न्यायला आलेले एजंट लोक घड्याळाकडे बघत दाराशी उभे असतात. माल नाजूक, एक दिवस उशीर झाला की डब्यांना पाणी सुटतं, हे पालुपद चालूच. मी खोक्यांतून नमुने काढते, फळं हलक्या हाताने चेपते, मिठाच्या पाण्यात सोडते आणि अळी वर येते का ते बघत बसते. तुझ्या टेबलावर आता एक नवी मुलगी बसते. गळ्यात भिंग अडकवून फिरायची सवय तिला नाही, त्यामुळे दिवसातून दहा वेळा माझंच मागून नेते.

आपण दोघी नव्याने लागलो तेव्हा मोठ्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात काय घोटवून घेतलं होतं, आठवतं? परदेशातून आलेल्या प्रत्येक खेपेसोबत फळ निरोगी असल्याचं तिथल्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हवं, आपला परवाना हवा, आणि प्रवासात फळ ठरलेले दिवस ठरलेल्या थंडीत होतं हे दाखवणारा तापमानाचा आलेख हवा. एक कागद कमी असला तरी माल परत, नाहीतर जाळायचा. कारण बाहेरची एक फळमाशी इथे सुटली, तर टेकडीपलीकडच्या बागा दोन वर्षांत उजाड. आणि शेवटचा नियम असा, की अळी बघून माशीचं नाव सांगायचं नाही. अळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. तिला वाढू द्या, पंख फुटू द्या, मग तोंड उघडा. तू तो नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होतास. मी तुझ्या वहीवरून उतरवला.

तुला कधी बोलले नाही, पण गेल्या हंगामात माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मला एका खेपेला दोन तास लागायचे आणि तू तेवढीच खेप वीस मिनिटांत मोकळी करायचीस. त्यातही त्या गोऱ्या, गोड बोलणाऱ्या एजंटचा माल जास्त. मग एका संध्याकाळी मी तुला त्याच्या गाडीतून कोपऱ्यावर उतरताना पाहिलं. तू इकडेतिकडे बघितलंस आणि भराभर चालत गेलीस. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणालीस, बसने गेले. त्या दिवसापासून डोक्यात किडा वळवळायला लागला. तुझी नवी पर्स दिसली तरी मी किंमत अंदाजायची. त्याच सुमारास मुख्य तपासनीसाची जागा निघाली होती आणि अर्ज आपल्या दोघींचेच होते. मी स्वतःला बजावायची की याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तू गेल्यावर शीतगृहाची फेरी माझ्याकडे आली. गेल्या महिन्यात पहारेकऱ्याने पाहुण्यांची वही पुढे केली आणि पानापानावर तुझी सही दिसली. त्या एजंटची प्रत्येक खेप मोकळी करायच्या आदल्या संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. पहारेकरी कौतुकाने सांगत होता, की त्या एजंटचे आलेख फारच सरळ येतात म्हणून बाईंना त्याचा संशय यायचा. त्यालाच गाडी काढायला लावून त्या यायच्या, स्वतः फळात तापमापकाचा काटा खुपसून थंडी मोजायच्या, नमुनेही इथेच तपासायच्या. दोन खेपा त्यांनी इथूनच परत पाठवल्या. नियमाबाहेर जाऊन संध्याकाळी काम करते हे साहेबांना कळलं तर बंद करतील, म्हणून कुणाला सांगायच्या नाहीत. म्हणजे तुझं निम्मं काम आदल्या संध्याकाळीच झालेलं असायचं, म्हणून सकाळी वीस मिनिटं पुरायची.

तिथून तडक चष्मेवाल्याकडे गेले. त्याने कपाटातून जाळी लावलेली काचेची बरणी काढली. तक्रारीसोबत दुकानातली रासबेरीची डबी आली होती ना, तिच्यातल्या अळ्या त्याने वाढवल्या होत्या. तळाशी मरून पडली होती ती साधी चिलटं, पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात ती. दुकानात डबी उघडी राहिली, फळ चेपलं, तिथेच अंडी पडली. बाहेरच्या माशीचा मागमूस नव्हता. चौकशीत तो म्हणाला होता, की पंधरा दिवस थांबा. कुणी थांबलं नाही. चौथ्या दिवशी तुझी बदली झाली. त्याचा अहवाल फायलीत तसाच पडून होता. मान त्याने खाली घातली ती शरमेने, तुझ्यासाठी काही करता आलं नाही म्हणून. त्याचा फोन घे, भिंगू.

ती डबी मी विकत घेतली होती. तक्रार मी लिहिली, डाव्या हाताने. अळी दिसताच मला एवढा आनंद झाला, की पंधरा दिवस थांबायचं सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी मी थांबले नसते. काल मी साहेबांसमोर सहीनिशी जबाब दिला. वहीची पानं आणि चष्मेवाल्याचा अहवाल जोडला. साहेब हळूच म्हणाले, “तक्रार तुम्ही केलीत म्हणून तुमचं नाव घालायची गरज नाही, अहवाल पुरेसा आहे.” मी नाव घातलं. तुझ्या परतीचा हुकूम या आठवड्यात निघेल, आणि माझी चौकशी सोमवारी सुरू होईल. हुकुमासोबत माझ्या जबाबाची नक्कल तुझ्या हातात पडेल. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
चिमटी